वहिनीच्या माहेरी

आमच्या घरात आरसा कधी विकत आणलेला मला आठवत नाही. मोटरसायकलच्या हँडलला असतात तसले गोल आरसे आमच्याकडं खोक्यानं पडलेले असायचे. त्यातले दोन वडिलांनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीत ठोकून दिले होते. एकात माझी एक वेणी दिसायची, दुसऱ्यात दुसरी. सगळ्यांच्या घरी असंच असतं, असं मला वाटायचं.

पुंडलिकनगरातलं आमचं घर बाहेरून चारचौघांसारखंच होतं. दुमजली, पुढं तुळस, गेटला पिवळा रंग. शेजारी विचारायचे त्यांना वडील सांगायचे, जुन्या गाड्यांचा धंदा आहे. गाड्या जुन्या नव्हत्या, चोरीच्या होत्या. जालन्याहून, बीडहून, कधी नगरकडून यायच्या. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अख्खी गाडी जायची आणि बाहेर तिच्या सुट्या भागांची पोती निघायची. वडील, माझा मोठा भाऊ आणि येऊन-जाऊन असणारे दोघं-तिघं, एवढ्यांत सगळं चालायचं. गणपतीला मंडळाची पहिली पावती वडिलांच्या नावानं फाटायची. गल्लीत त्यांना मान होता.

गाडी शहरातून घरी आणायची असली की वडील मला पुढं टाकीवर बसवायचे. अंगात शाळेचा युनिफॉर्म, पाठीला दप्तर, वेण्यांना लाल रिबिनी. लेकीला शाळेत सोडायला निघालेल्या बापाला नाक्यावर कोण अडवणार? एकदा एका हवालदारानं हात केला. वडिलांनी गाडी थांबवली. हवालदारानं माझ्याकडं बघून विचारलं, "कितवीत गं?"

"तिसरीत."

"अभ्यास करती का?" म्हणत त्यानं जायची खूण केली. त्या दिवशी वडिलांनी गुलमंडीत नेऊन मला फ्रॉकचं कापड घेतलं, निळं, बारीक फुलांचं. सांगायला बरं वाटत नाही, पण लहानपणीचं माझं सगळ्यात मोठं सुख त्या टाकीवरचंच. पाठीला बापाची छाती टेकलेली, तोंडावर वारा, आणि मी त्यांच्या कामाची आहे ही खात्री.

घरात पाऊल टाकलं की तो माणूस बदलायचा. क्लचची वायर त्यांनी दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. आईला तिचा मार रोजच्यातला होता. भावाला तर शेडमध्ये पाना उचलून द्यायला उशीर झाला तरी बसायची. माझ्यावर ती वेळ पाचवीत आली. एका मैत्रिणीच्या घरी बोलता बोलता मी सांगून बसले, आमच्याकडं लई नंबरप्लेटा आहेत, पोतंभर. मैत्रिणीचे वडील काही दिवसांनी आमच्या वडिलांना सहज हसत म्हणाले, "पोतंभर प्लेटा कशाला जमवता राव?" वडीलही हसले. घरी येऊन त्यांनी दार लावलं.

त्या दिवशी आईनं माझ्या पायांना तेल-हळद लावली. मग आपल्या उशीखालच्या पाकिटातून एक गोळी काढली, दातानं अर्धी केली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घे. झोप लागंल." तिला त्या गोळ्या गल्लीतल्या डॉक्टरनं कधीतरी दिल्या होत्या आणि त्या तिच्या सुटल्याच नव्हत्या. माझ्या आईकडं मला द्यायला दुसरं काहीच नव्हतं, हे आज मला कळतं. गोळी घेतल्यावर शेडमधली ठोकाठोक जाड रजईच्या पलीकडून आल्यासारखी वाटायला लागली. पाय माझे नाहीत असं वाटलं. मला ते फार आवडलं.

मग मी आईच्या पाकिटातून न विचारता घ्यायला लागले. कॉलेजात गेल्यावर स्वतः आणायला लागले. मेडिकलवाला वडिलांच्या ओळखीचा होता, चिठ्ठी मागायचा नाही. कॉलेज सुटलं. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोह्यांची ताटली माझ्या हातातून सुटली आणि मी उचलायचं सोडून तिच्याकडं बघत बसले. त्यानंतर स्थळं येणं बंद झालं. घरात कुणाला माझं काही वाटेनासं झालं होतं. वडील म्हणायचे, "राहू दे पडून. बोलत तर नाय."

भावाचं लग्न त्याच सुमारास झालं होतं. वहिनी फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याची लेक. बारावी शिकलेली, मोठ्यानं हसणारी, बोलायला लागली की थांबायचीच नाही. तिच्या घरच्यांना गाड्यांचं दुकान आहे असं सांगितलं होतं. शेडमधला कारभार तिला पहिल्या महिन्यातच उमगला. तिनं भावाला विचारलं आणि त्यानं वडिलांकडून शिकलेलं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी ती सुजलेला ओठ घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्या केसांत तेल घालायला बसली. मी हूं की चूं करत नव्हते. ती आपली सांगत होती, त्यांच्या शेतातलं आलं, त्यांची एक मारकुटी म्हैस, शाळेतल्या बाईंची नक्कल. अशी ती कित्येक वर्षं बोलत राहिली. त्या घरात माझ्याशी बोलणारी तेवढी एकच होती.

तिची मुलगी पहिलीत गेली त्या वर्षीची गोष्ट. सकाळची वेळ होती, मी पायरीवर चहा घेऊन बसले होते. गेटसमोर एक अनोळखी गाडी उभी होती, नवीकोरी. भावानं भाचीला उचललं आणि टाकीवर बसवलं. युनिफॉर्म, दप्तर, रिबिनी. ती आनंदानं किंचाळत होती, "पप्पा, हॉर्न मी वाजवणार!"

मी कशी उठले मला माहीत नाही. गोळीनं पाय जड झाले होते. मी जाऊन हँडल धरलं.

"दादा, तिला खाली उतरव."

"नशेत हायेस तू. सरक बाजूला."

"मी बसलेय तिथं. उतरव तिला."

त्यानं मला एक लगावली. मी पडले, पण हँडल सोडलं नाही, त्यामुळं गाडीही आडवी झाली. त्यानं कसंबसं पोरीला वर उचललं. आवाज ऐकून वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं? कशापायी पडली गाडी?"

मग मी सांगितलं. टाकीवर मुलगी का बसवतात, हवालदार काय विचारतो, मी काय सांगायचे, सगळं. त्या घरात ही गोष्ट उघड्या आवाजात पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं. वहिनीनं नवऱ्याच्या कडेवरून मुलगी काढून घेतली. चोरीची गाडी गेटसमोर पडलेली, येणारे-जाणारे बघताहेत. भावानं ती उचलली, किक मारली आणि तो निघून गेला. वडील त्या दिवशी गावाला गेले होते.

वहिनीनं हात धुतले आणि पिशवी भरायला घेतली. मी दारात उभी होते.

"ताई, चला."

"मी कुठं येऊ? ते तुझं माहेर."

"मग काय झालं? चपला घाला."

नणंदेनं भावजयीच्या माहेरी आसऱ्याला जायचं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. आईला म्हटलं, तूही चल. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. "माझं काय आता," म्हणाली. मग आत गेली, गोळ्यांचं पाकीट आणलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. "लागतील तुला."

हर्सूलच्या नाक्यावरून आम्ही काळी-पिवळीत बसलो. भाची मांडीवर झोपली. वहिनी फुलंब्री येईपर्यंत पिशवी छातीशी धरून बसली होती.

तिच्या घरी आई, वडील आणि एक धाकटा भाऊ. तिचे वडील शेताच्या बांधावरून आले, लेकीच्या हातातली पिशवी बघितली, माझ्या गालावरची बोटं बघितली आणि म्हणाले, "आधी जेवा." शेजारणी विचारायच्या, पोरगी आली ते ठीक, नणंदेला कशाला आणलं? वहिनीची आई भाकरी थापता थापता सांगायची, "तिला बी भूक लागती."

मला वाटलं, आता सगळं बदलायचं. मी त्याच आठवड्यात गोळ्या चुलीत टाकल्या. कुणाला सांगितलं नाही. मग हात थरथरायला लागले, झोप गेली, घरातली माणसं ओळखू येईनात. अंगणात आलं निवडत बसले असताना मला फिट आली. वहिनीच्या भावानं शेजाऱ्याची जीप आणली आणि सगळ्यांनी मिळून मला शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला रागावायच्या आधी पाणी दिलं.

"या गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात, जिवावर बेतू शकतं. हळूहळू कमी करायच्या. घरात कोण लक्ष देईल?"

"मी," वहिनीची आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी किती दिवसांनी किती कमी करायचं ते तिला समजावलं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं ते दोनदा म्हणून घेतलं आणि पाठ केलं. गोळ्या तिच्या चंचीत गेल्या, पान-सुपारीशेजारी. ती गोळी अडकित्त्यानं कातरायची. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव. मी तुकड्यावरून तिच्याशी भांडायचे. "हा कालच्यापेक्षा बारीक आहे!" ती तुकडा उजेडाकडं धरून म्हणायची, "अगं बाई, माझ्या सासूला बी इतकी बारीक सुपारी कधी दिली नाय."

एकदा ती न्हायला गेलेली बघून मी चंची उचकली. चुना, कात, लवंगा, गोळ्या नाहीत. मी तशीच वाकलेली असताना ती ओले केस घेऊन बाहेर आली. मला वाटलं, आता वायर. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या घरातही अंगानं तेच ओळखलं. मी डोकं दोन्ही हातांनी झाकलं.

ती जवळ आली. माझे हात तिनं खाली घेतले. "तिथं नाय त्या. कुठं हायेत ते बी सांगणार नाय. शेंगदाणे भाजू का?"

मी त्या दिवशी खूप रडले. शेंगदाणेही खाल्ले.

माझे वडील आले ते आम्हाला तिथं जाऊन बरेच दिवस झाल्यावर, भर दुपारी, पांढऱ्या जीपमधून. सोबत दोघं जण आणि पेढ्यांचा पुडा. आवाज मऊ. "व्याही, काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घाला. सुनेला न्यायला आलोय. अन् ही आमची पोरगी, हिचं डोकं ठिकाणावर नाय. गोळ्या खाती. हिच्याच नादानं सूनबाई घर सोडून आली."

वहिनीनं दारातूनच सांगितलं, "मी यायची नाय. पोरगी बी यायची नाय."

वहिनीचे वडील बाजेवर बसले होते. ते वडिलांशी काही बोलले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तुला जायचं का?"

मला तोपर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं. "नाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की वडील हसले.

"ऐकलं का? तिला बोलता बी येत नाय नीट."

वहिनीची आई चुलीपासून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, अगदी खेटून. शेजारच्या रानातली दोन-चार माणसं जीप बघून बांधावर येऊन थांबली होती. वहिनीचे वडील म्हणाले, "मला ऐकू आलं. ती नाय म्हणली. तुमची सून बी नाय म्हणली. आता च्या घ्या अन् निघा."

वडिलांनी चहा घेतला. घोट घोट करून सगळा संपवला, माझ्याकडं बघत. मग कप खाली ठेवून निघून गेले. पेढ्यांचं काय करायचं म्हणून मी विचारलं तर वहिनीची आई म्हणाली, "पोरांना दे. पेढ्यांनी काय केलंय?"

गोळी पूर्ण सुटायला वर्षाहून जास्त लागलं. नंतर वडील आणि भाऊ दुसऱ्याच एका गाडीपायी पकडले गेले. भाऊ तुरुंगातून सुटला तेव्हा दारूत पुरता बुडाला होता. तो अधूनमधून मुलीला भेटायला येतो, दारातल्या खुर्चीवर बसतो, शुद्धीत असेल तरच. हा नियम वहिनीचा. त्याच्या पाठीवरचे वळ मी लहानपणी पाहिलेले आहेत. त्याला दारातून हाकलणं मला जमत नाही, वहिनीला जमतं.

भाचीच्या शाळेसाठी आम्ही दोघी शहरात परत आलो, दुसऱ्या भागात खोल्या घेतल्या आणि कॉलेजच्या मुलींसाठी मेस सुरू केली. पोळ्या तिच्या, भाज्या माझ्या. भाची आता पॉलिटेक्निकला आहे. टाकीवरचा तो दिवस तिला पुसट आठवतो. तिनं विचारलं तेव्हा आम्ही काही लपवलं नाही. मला अजून झोप नीट लागत नाही. कुठल्याही डॉक्टरकडं गेले की आधी सांगते, मला झोपेचं काही देऊ नका.

वडीलही सुटून घरी आले आणि शेवटी त्यांना लकवा झाला. मी जायचे. त्यांची नखं कापायचे, अंग पुसायचे, कारण आईला एकटीला त्यांना उचलवत नव्हतं. त्यांना बोलता येत नव्हतं, आणि मलाही त्यांना काही सांगायचं नव्हतं. लोक विचारतात, माफ केलंस का? मी खरंच ठरवलेलं नाही. नखं वाढली होती, म्हणून कापली.

ते गेल्यावर आईला, वहिनीच्या आत्याबाईंना, आमच्याकडं आणलं. पहिले काही दिवस कुणी मोठ्यानं बोललं तरी ती भिंतीला लागून उभी राहायची. आता मेसमध्ये एका कोपऱ्यात लसूण सोलत बसते. परवा एका मुलीनं ताटात वरण-भात तसाच टाकला तर आई तिच्यावर चक्क ओरडली. सगळ्या मुली थांबून बघायला लागल्या. वहिनी माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "ताई, ऐकलं का? आत्याबाईंना आवाज हाय."