पांढरा थर राहिला

मंदा गेली त्या दिवशी सकाळी मी तिच्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, आणि ती माझ्याकडे पाठ करून पातेल्यात चॉकलेट ढवळत होती. मधेच तिनं डावा हात मागं नेला आणि दोन खांद्यांच्या मधे मुठीनं दाबला. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही, गॅस धरलाय. काल हांडवो जरा जास्तच खाल्ला." मी म्हटलं, "मंदे, थंडीचे दिवस आणि तुझा ब्लाउज घामानं भिजलाय." "मग शेगडीपाशी उभी आहे ना मी! तू बसलीयस दाराच्या वाऱ्याला." मी उठलेच. म्हटलं, खाली जाऊन रिक्षा थांबवते, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवून येऊ, कितीसा वेळ लागतोय. त्यावर तिनं ते चॉकलेट, म्हणजे केकचा काळा थर, डब्यात ओतलं, डबा दोन्ही हातांनी धरून ओट्यावर हलकेच आपटला, फ्रिजमध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "हा बसला की पांढरा घालते, मग जाऊ. डॉक्टर काय पळून जातायत?"

डॉक्टर कुठं गेले नाहीत. तीच गेली... थर बसेपर्यंत म्हणून मी खाली माझ्या घरी आले, आणि दुपारी भाऊजी, म्हणजे मंदाचे यजमान, माझ्या दाराशी आले ते अनवाणीच. "सुमनताई, ही बोलत नाहीये." एवढंच. आम्ही तिला रिक्षात घातली, इथं बडोद्यात अकोट्याच्या पुलावर नेहमीची गर्दी होती, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता काही आठवडे झालेत. सोसायटीतल्या बायका म्हणतात, "सुमनताई, तुम्ही लिहिता, मंदाताईंवर काहीतरी छान लिहा." छान म्हणजे काय लिहू? प्रेमळ होती, हसरी होती, सुगरण होती, हे सगळं होतीच की. पण मी लिहायला बसले की मला आधी राग येतो. पेन ठेवून देते, चहा करते, परत बसते, परत राग. शेवटी म्हटलं, जे येतंय तेच लिहावं.

मंदा लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा भाऊजी रिफायनरीत नवीनच लागले होते. मी इथलीच, माझे सासरे संस्थानच्या नोकरीतले, त्यामुळे आमच्या घरात अजून जुन्या बडोद्याची मिजास. ही आली नगरकडची. गुजराती येईना, आणि बोलल्याशिवाय राहवेना. भाजीवाल्याशी मराठीत भांडायची, तो गुजरातीत भांडायचा, आणि दोघांचं बरोबर जमायचं. आमच्या इमारतीत ती वर, मी खाली. मधे एक जिना, त्या जिन्यानं आम्ही दोघींनी उभा जन्म वाट्या नेल्या-आणल्या. माझे यजमान गेले तेव्हा दहा दिवस माझ्या घरी वरूनच डबा यायचा, आणि डबा देऊन ती निघून जायची नाही, मी जेवेपर्यंत समोर बसून राहायची. बोलायची नाही, बरं का. मंदा बोलायची नाही म्हणजे बघा.

केकचं वेड तिला पहिल्यापासून. ओव्हन नव्हता तेव्हा कढईत वाळू तापवून त्यात डबा ठेवायची. आम्ही सगळ्या बायका तसंच करायचो, पण हिची वाळूसुद्धा चाळलेली, धुतलेली. मग मुलगी अस्मिता पुण्याला नोकरीला लागली, भाऊजी निवृत्त झाले, हातात मोबाइल आला आणि त्यात हिनं तो थरांचा केक पाहिला. खाली केकची चकती, वर चॉकलेट मूसचे, म्हणजे क्रीम फेटून केलेल्या मऊ फेसाचे, तीन थर, एक दुधी चॉकलेटचा तपकिरी, एक काळा, एक पांढरा, कापला की रंगीत साडीच्या काठासारखा दिसणारा. सयाजीगंजात एका दुकानात आम्ही दोघी मुद्दाम गेलो तो खायला. खाण्याआधी हिनं काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "आमां इंडा छे?" तो म्हणाला, "ना मासी, एगलेस छे." "अने जिलेटिन?" त्याला ते काही सांगता येईना. झालं! हिनं बशी माझ्याकडे सरकवली. "तू खा. जिलेटिन हाडांचं असतं. मी घरी करीन, चायना ग्रास घालून."

केला तिनं. पण काय सांगू, किती वाया घालवला आधी! चायना ग्रास उकळून घ्यावं लागतं आणि ते पटकन आळतं. थंड क्रीममध्ये पडलं की त्याचे दोरे होतात. मेमध्ये वीज गेली की सगळा केक खाली बसायचा, मग ती तो वाट्यांत भरून आणायची आणि ठसक्यात सांगायची, "आज वाटीतला केला मुद्दाम." केक करायच्या दिवशी फ्रिज उघडायला घरात बंदी. भाऊजी गार पाण्यासाठी रिकामी बाटली घेऊन माझ्याकडे यायचे. मी म्हणायचे, "थर बसतोय वाटतं?" ते म्हणायचे, "थर बसतोय, आणि मी उभा आहे."

आणि सगळ्यावर कडी म्हणजे नैवेद्य. मंदाच्या घरात गोडधोड काहीही केलं तरी आधी देवापुढे, आणि नैवेद्य होईपर्यंत चाखायचं नाही. शिरा असो, पुरण असो, समजू शकते. आपण सगळ्यांनी आयांकडून तेच शिकलंय. पण ही चॉकलेट मूसलाही तोच नियम लावायची! मी कपाळाला हात लावायचे. म्हटलं, "अगं, त्या मोबाइलमधल्या बायका पावलोपावली चमचा तोंडात घालतात. चाखल्याशिवाय कळणार कसं?" तर म्हणे, "हाताला कळतं." मग केक ताटात, ताट देवासमोर, वर तुळशीचं पान. आमच्या शेजारच्या हंसाबेननी पहिल्यांदा ते पान पाहिलं आणि कौतुकानं विचारलं, "फुदीनो नाख्यो छे? बहु सरस!" मंदा म्हणाली, "तुळशी छे, हंसाबेन. भगवाननो भाग थई गयो, हवे तमे खाओ." हंसाबेननी आधी हात जोडले, मग चमचा उचलला. तेव्हापासून आमच्या इमारतीत तो केक प्रसादासारखा उजव्या हातावर घ्यायची पद्धतच पडली. हसू नका. मला तेव्हा वैतागच यायचा, एवढा महागाचा केक आणि हातावर!

त्या सकाळचा केक माझा होता. हे मी अजून सांगितलं नाही. मला सत्तर पुरी होणार होती दुसऱ्या दिवशी. मी तिला चांगलं चारदा बजावलं होतं की मला वाढदिवस-बिढदिवस नको, या वयात मेणबत्त्या फुंकताना दम लागतो. पण ऐकेल ती मंदा कसली. म्हणजे बघा, जिच्यासाठी केक ती समोर बसून सांगतेय, राहू दे तो केक, चल डॉक्टरकडे, आणि ही म्हणतेय, थर बसू दे. याला काय म्हणायचं? माणसानं चिडायचं नाही तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भात घेऊन वर गेले. अस्मिता पहाटेच पोचली होती, भिंतीला टेकून बसली होती. भाऊजींची धाकटी बहीण, विमलताई, तरसालीहून आलेल्या, त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. घरात माणूस गेलं की शिजवलेलं सगळं टाकायचं, भरलेलं पाणीसुद्धा ओतून द्यायचं, त्याप्रमाणे त्यांचं चाललं होतं. वरण गेलं, दूध गेलं. मग त्यांनी फ्रिजमधून तो डबा काढला. वर स्टीलची ताटली झाकलेली. ताटली उचलली तर खाली काळा थर, आरशासारखा गुळगुळीत. व्यवस्थित बसला होता.

"हे काय गं?" विमलताईंनी विचारलं. मी म्हटलं, "केक आहे. अर्धा झालेला." "मग टाकते." आणि त्या मोरीकडे वळल्या. तेवढ्यात भाऊजी दारात येऊन उभे राहिले. हा माणूस जन्मात स्वयंपाकघरातल्या कशात बोललेला नाही. "विमल, ठेव तो."

"दादा, घरात सुतक आहे."

"ते दोन थर ती होती तेव्हाचे आहेत."

"असतील. पण रीत म्हणून..."

"रीत मला माहीत आहे. नैवेद्य झाल्याशिवाय खायचा नाही, आणि सुतक फिटल्याशिवाय नैवेद्य नाही. तोवर राहू दे. पण टाकायचा नाही."

"अरे, पण अर्धाच आहे ना तो? अर्ध्याचा नैवेद्य दाखवणार आहेस का देवाला?"

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अस्मितानंही. मला इतका संताप आला म्हणून सांगू! मी फक्त खाणारी. मला साध्या रव्याच्या केकची भीती वाटते. म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय? मला येत नाही." भाऊजी म्हणाले, "तुम्ही बघायच्यात ना पण, सुमनताई." बघणं आणि करणं यात फरक असतो हो! पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विमलताईंच्या हातातून डबा घेतला. मटारच्या पिशव्या खाली सरकवून डबा वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिला.

तेराव्याची गडबड झाली. गोडाचं जेवण झालं, देवांपुढे परत दिवा लागला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून वर गेले. अस्मिता म्हणाली, "मावशी, मोबाइलमध्ये बघून करू." आम्ही बघितलं. त्यातली बाई हसत हसत सगळं करत होती, आणि इथं मी तिला सारखी थांबवून मागं नेत होते. पहिल्या खेपेला चायना ग्रासचे दोरे झाले. दुसऱ्या खेपेला पांढरं चॉकलेट जास्त तापलं आणि त्याचा रव्यासारखा गोळा झाला. अस्मिता खाली जाऊन परत सामान घेऊन आली. मी छताकडे बघून म्हटलं, "मंदे, सांगून गेली असतीस तर जीव गेला असता का तुझा?" बोलून गेले आणि जीभ चावली. अस्मिता आधी हसली... आणि मग ओट्यावर डोकं ठेवून जी रडायला लागली, तिला तेरा दिवसांत मी तशी रडताना पाहिली नव्हती. मी चमचा हातात धरून तशीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिच्या पाठीवर क्रीम लागलं.

तिसऱ्यांदा जमलं म्हणायचं. पण ओतलं तर काय, खालचा थर बर्फासारखा, त्यामुळे पांढरं मिश्रण पडल्या जागी आळलं. एका बाजूला जाड, एका बाजूला खालचा काळा रंग दिसतोय. विमलताई बघून म्हणाल्या, "विटांवर गिलावा करणाऱ्यानं केल्यासारखा दिसतोय." मी म्हटलं, "मग तुम्ही करा!" त्या म्हणाल्या, "नको, छान आहे." भाऊजींनी ताट देवापुढे ठेवलं, पाणी फिरवलं, तुळशीचं पान ठेवलं आणि सुरी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुमचाच आहे तो."

कापायला गेले आणि माझा पांढरा थर आख्खाच्या आख्खा घसरून ताटात पडला. टोपी उडावी तसा. खालच्यावर धरलाच नव्हता. मला रडावं की हसावं कळेना. शेवटी वरचा वेगळा वाढला, खालचा वेगळा, ज्याच्या त्याच्या उजव्या हातावर.

आधी भाऊजींनी खाल्लं. खाल्लं आणि थांबले. मग अस्मितानं. मग मी. दुधी थर नेहमीसारखा, मऊ, तोंडात विरघळणारा. आणि काळा थर कडू. कडू म्हणजे औषधासारखा कडू. काळ्या थरात साखर वेगळी घालावी लागते, ती तिनं घातलीच नव्हती.

अस्मितानंच हळू म्हटलं, "आई साखर विसरली?"

मंदा साखर विसरणारी नव्हती. तिच्या हाताला कळायचं सगळं. पण त्या सकाळी तो हात पाठीवर दाबायला लागत होता... म्हणजे ती माझ्याशी हांडवोच्या गप्पा मारत होती तेव्हा इतकं दुखत होतं, की समोरची साखर सुचली नाही. आणि तरी थर ओतला, डबा आपटला, ताटली झाकली. एकदा, एकदा जरी चमचा तोंडात घातला असता ना तिनं, तर तिचं तिलाच कळलं असतं की आज आपलं काही खरं नाही. पण नैवेद्याआधी चाखायचं नाही म्हणजे नाही!

विमलताई उठल्या. टाकून द्या म्हणणाऱ्या विमलताई, बरं का. फडताळातून साखरेचा डबा घेऊन आल्या आणि भाऊजींसमोर धरला. भाऊजींनी मान हलवली. "नको. तिनं केलाय तसाच खातो." आणि त्यांनी खरंच सगळा खाल्ला, सावकाश, हाताला लागलेलासुद्धा. अस्मितानंही तसाच खाल्ला.

साखरेचा डबा माझ्याकडे आला. मी मात्र घेतली साखर. चांगली भरभरून दोन चमचे घेतली आणि त्या काळ्या थरावर ओतली. कुणाला काय वाटेल याचा विचार केला नाही. वाढदिवस माझा होता, केक माझा होता, आणि मी तिच्यावर चिडले होते, अजून आहे. साखर काही विरघळली नाही. थंडगार कडू चॉकलेटबरोबर दाताखाली करकर वाजत राहिली. तेवढा वेळ मला कुणाशी बोलावं लागलं नाही, आणि मंदाला जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं मी तिला बोलून घेतलं.