पाठमोरी गाडी माहेरी गेली

आमची गाडी अगदी व्यवस्थित चालायची, फक्त पुढे जायची नाही.

इंजिन बोंबलायचं, काटा वर चढायचा, आणि गाडी आपली जागच्या जागी, पेज पिऊन बसलेल्या म्हशीसारखी डोळे मिटून! मग केव्हातरी आठवण झाल्यासारखी धक्का द्यायची आणि निघायची. निघाली की जरा चढ आला रे आला, पुन्हा तंद्री. "गाडी मालकावर गेली," असं शेवंती, म्हणजे माझी बायको, सगळ्या वाडीला सांगायची. (तिचंही खरंच. शाळेत मी खिडकीतनं समुद्राकडे बघत बसायचो. मास्तर म्हणाले, "मग तिकडेच जा!" मी गेलो. परत ये असं ते म्हणाले नव्हते.)

गाडी मूळची मेव्हण्याची, मनोहरची. त्यानं मुंबईत नवी घेतली आणि जुनी बहिणीच्या दारात आणून लावली.

"भावोजी, ऑटोमॅटिक आहे. क्लच नाय, गिअर टाकायला नको. सगळं आपोआप."

मला तो शब्दच इतका आवडला! जन्मभर टेम्पो हाकून डावा पाय झिजला, आता त्याला पेन्शन. मी रात्रंदिवस स्वप्नं बघायला लागलो. गाडी ढगातनं चाललीय, मी एक हात खिडकीबाहेर टाकलाय, खाली रत्नागिरी एवढीशी दिसतेय.

शेवंतीचं स्वप्न मात्र एकच आणि ते जमिनीवरचं. तिचं माहेर देवरुखाच्या पलीकडे, डोंगरावर. दर गणपतीत एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि डोक्यावर बोचकं घेऊन घाटी चढायची. वर पोचेपर्यंत नवी साडी गुडघ्यापर्यंत चिखलात. चुलतबहिणी गाड्यांतनं उतरून हिला वरनं खालपर्यंत बघायच्या.

"एकदा, फक्त एकदा मला आईच्या खळ्यात गाडीतनं उतरायचंय," ती म्हणाली. "पायाला माती न लागता. सगळ्या बघत असताना!"

आता त्या घाटीला खळ्यापर्यंत, पार अंगणापर्यंत रस्ता झालेला. आमचा गणपती गौरीबरोबर जातो, तिच्या माहेरचा अनंत चतुर्दशीपर्यंत. मधल्या दिवसात जायचं ठरलं, हिनं फोन करून सगळ्या माहेराला कळवलं, आणि गाडीला झोप लागली!

मग आले बापूकाका. शेजारी राहतात, जन्म बोटीवर इंजिनखोलीत काढलेला. गाडीला कान लावून म्हणाले,

"घसरता हा."

"कोण घसरतो, काका?"

"गिअरबॉक्स घसरता. आतलं तेल कमी झालं की पकड सुटते. तांबडं तेल असतं तेचा. इंजिन चालू ठेव, तेल मोजायची ती काठी काढ आणि बघ."

काठी काढली. खुणेच्या वर तेल! पुसून घातली, परत काढली. परत वर!

"तेल तर ठासून आहे," काका म्हणाले. "मग आतलंच कायतरी गेला." आणि तोंड असं केलं, की शेवंतीनं पदर डोळ्याला लावला.

मी हातपाय गाळणाऱ्यातला नाही. मी देवळात गेलो. गुरवाला म्हटलं, "कौल लाव बाबा. उजवा पडला तर गिअरबॉक्स, डावा पडला तर नजर."

गुरव म्हणाला, "देवानं कधी गाडी चालवली? पालखीतनं फिरतो तो. आणि पालखी आपोआपच चालते, देवाला इचारून!"

म्हणजे तिथंही आपोआप! मी ते शुभ मानलं. लिंबू-मिरची बांधली आणि सकाळी निघालो. पुढे माझ्या शेजारी बापूकाका, मागे नव्या साडीत शेवंती आणि सासूबाईंसाठी नारळ नि घाण्यावरच्या तेलाचा डबा.

सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर आलो तेव्हा धुकं उतरलेलं होतं. कातळावर नजर पोचेल तिथपर्यंत पिवळी-जांभळी फुलं, रस्ता कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं काय कळेना. गाडी हळूच मंदावली, तरंगत तरंगत थांबली. मी म्हटलं, "वा!"

"वा काय वा?" मागून शेवंती. "गाडी बंद पडली का?"

"नाय गो. इंजिन चालू आहे. फक्त जात नाय."

आम्ही तिघं फुलांत उभे. इतकं छान होतं, की मला वाटलं, इथंच संसार मांडावा. मी तसं बोललोसुद्धा.

"मांडा," शेवंती म्हणाली. "मी एसटीनं जाते." मग जरा थांबून म्हणाली, "ती काठी परत बघा बघू. घरी गाडी कशी लावता तुम्ही?"

"कशी म्हणजे? गडग्याच्या भिंतीजवळ. चाकाला चिऱ्याचा दगड लावून."

"म्हणजे उतारावर, तोंड खाली करून! अहो, पातेलं कलतं धरलं तर एका काठाला दूध वर येणारच. मग काय, पातेलं भरलं?"

बापूकाका आभाळाकडे बघायला लागले. मी काठी काढली. कोरडी! नुसतं टोक तांबडं. आमच्या वाडीत सपाट जागा म्हणजे खळं, आणि खळ्यात गाडी कोण लावील? इतके दिवस आम्ही तेल नव्हे, डोंगर मोजत होतो!

"बोटीवर असा नसता," काका पुटपुटले. "समुद्र सपाट असता."

मी सासूबाईंच्या तेलाचा डबा उचलला.

"हात लावून बघा!" शेवंती.

"अरे मेल्या, भजी तळायची आहेत काय गिअरबॉक्सात?" बापूकाका.

डबा ठेवला. गाडी जरा थंड झाल्यावर सपाटीवर कशीबशी चालायला लागली. वाटेत कुठे तांबडं तेल मिळेना, गणपतीत दुकानं बंद. रखडत, डुलक्या काढत घाटीच्या पायथ्याशी पोचलो. चढाला लावली. गाडीनं एकदा हुंकार दिला आणि अगदी मायेनं मागे यायला लागली. पुन्हा लावली, पुन्हा मागे. वरनं आरतीच्या झांजा ऐकू यायला लागल्या. शेवंतीनं खाली वाकून साडीच्या निऱ्या वर खोचायला घेतल्या, चिखलासाठी. ते मात्र मला बघवेना.

"चला, घरी जाऊ," मी म्हटलं आणि गाडी वळवली. तोंड खाली झालं. जरा सरळ करायला म्हणून रिव्हर्स टाकला, तर गाडी झपकन चढावर मागे गेली!

"थांबू नको!" काका ओरडले. "तोंड खाली झाला की उरलेला तेल पंपाकडे येता! असाच वर घे!"

"उलटी?"

"उलटी रे! घे!"

"घ्या!" शेवंतीनं निऱ्या सोडल्या.

मी मान मागे वळवली ती वळवलीच. धुक्यातनं गाडी पाठमोरी तरंगत निघाली. मागच्या काचेत एकेक वळण आपणहून उलगडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपोआप काय असतं ते कळलं. दर वळणाला काका "डावा! डावा!" ओरडत होते. (त्यांचा डावा की माझा, ते आजवर ठरलेलं नाही.) वर खळ्यात आरती नुकती संपलेली. सगळं माहेर बघतं, तर एक गाडी कुल्ला पुढे करून दारात येतेय!

गाडी थांबली. मागच्या सीटवर बसलेली शेवंती सगळ्यांत आधी पोचली होती. दार उघडून ती सारवलेल्या खळ्यात उतरली. पायाला कणभर माती नाही. चुलतबहिणी ओळीनं बघत होत्या. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी ती खूश होती.

सासूबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि विचारलं, "जावई कुठे?"

मी उतरलो. पण मान तिथंच! मागे वळलेली ती पुढे येईना. गणपतीला हात जोडले आणि तोंड गोठ्याकडे.

त्या दिवशी सगळ्यांनी गाडीपुढे उभं राहून फोटो काढला, तो आजही सासुरवाडीला भिंतीवर आहे. शेवंती गाडीला टेकून हसतेय, बापूकाका कॅप्टनसारखे ताठ, आणि कडेला एक डोकं, मागून काढलेलं, मधोमध टक्कल. नवीन माणूस हटकून विचारतो, "हा कोण?"

शेवंती चहा ओतता ओतता सांगते, "तो होय? डायवर."