बत्तीस प्लॉटांतलं पहिलं घर

२००१ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या कामावर माझी नेमणूक झाली आणि बीड शहराबाहेरचा, मांजरसुंब्याच्या रस्त्यालगतचा माळ माझ्या वाट्याला आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नकाशावर त्या जागी ‘गृहनिर्माण संस्था, बत्तीस भूखंड’ असं लिहिलं होतं, म्हणून दिवसभराचं काम धरून मी भाकरी बांधून निघालो. तिथं जाऊन बघतो तर ठिकठिकाणी अर्धवट भिंती, हद्दीचे दगड, आणि एका कोपऱ्यात एकच पुरं बांधलेलं घर. दारात एक बाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या.

“घरात माणसं किती?” मी विचारलं.

“एक.”

“आणि शेजारी?”

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. “शेजारी कुठला आणू, गुरुजी? बसा. पाणी घ्या.”

त्या विमलबाई. पुढं चार वर्षांनी मीच तिथं एका सभासदाच्या प्लॉटवर, त्याचा जावई म्हणून, घर बांधलं आणि त्यांचा शेजारी झालो. त्यांची हकिकत मला कळली ती अशी, कुंपणापाशी उभ्यानं, तुकड्यातुकड्यानं.

त्यांचे मालक अर्जुनराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. १९८४ साली डेपोतल्या बत्तीस जणांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. चेअरमन झाले बबनराव, डेपोतलेच क्लार्क. बोलायला गोड आणि कागदाला पक्के. सरकारकडून हा माळ मिळाला, पण अटीवर. मुदतीत घरं बांधून तिथं राहायचं, नाहीतर सगळी जमीन सरकारजमा. शिवाय संस्थेच्या संमतीवाचून कुणी घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही.

अर्जुनरावांना हौस दांडगी. रजा काढून, गवंड्याच्या हाताखाली स्वतः राबून त्यांनी सगळ्यांच्या आधी घर उभं केलं. पंच्याऐंशीच्या दिवाळीत विमलबाई तीन वर्षांच्या छायाला घेऊन राहायला आल्या. वर्षभरात एकतीस शेजारी येतील, बायका ओट्यावर बसतील, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी दारापुढं ओटाही लांबरुंद करून घेतला होता.

पण पुढच्या साली पाऊस पडला नाही. संस्थेची विहीर साठ फुटांवर खडकाला टेकली आणि कोरडी राहिली. ज्यांनी पाये काढले होते त्यांनी ते तसेच सोडले, ज्यांच्या भिंती छातीएवढ्या आल्या होत्या त्यांनी सामान परत नेलं. पाण्यावाचून माळावर कोण येणार? विमलबाई रस्त्यावरच्या ढाब्याच्या हौदावरून दोन कळश्या आणायच्या, सकाळी एक खेप, उन्हं कलल्यावर एक.

अठ्ठ्याऐंशीत अर्जुनरावांची लांबच्या डेपोत बदली झाली. विमलबाईंनी ट्रंक भरली. पण दुसऱ्याच दिवशी बबनराव घरी आले आणि ओट्यावर बसले.

“वहिनी, तुमी गेल्यावर हितं एक बी चूल पेटणार न्हाई. तपासणीला माणूस आला आन् त्याला कुलपं दिसली, तर जमीन गेलीच समजा. एक तरी घर नांदतं पायजे.”

“मग तुमी या की राहायला, भाऊजी.”

“माझ्या घरात म्हातारी माणसं हायेत. पाण्याची सोय झाली की येतोच सगळे. वर्षाचा तर सवाल हाय.”

विमलबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. अर्जुनराव बुटाची लेस बांधत होते. ते वर बघेनात.

ट्रंक पुन्हा उघडली. छायाला शाळेत घालायचं होतं आणि माळावरून शाळा कोसभर लांब, म्हणून तिला नेकनूरला आजीकडं, विमलबाईंच्या आईकडं ठेवलं. आई केशरबाई आणि भाऊ शहादेव तिथं राहत. अर्जुनराव पंधरवड्यातून एकदा यायचे. मधले दिवस विमलबाई एकट्या. नेकनूरला जायचं तर सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. एकदा मुक्काम केला होता, तर शेजारच्या भिंतींतल्या दोन चौकटी कुणीतरी उपटून नेल्या आणि बबनरावांनी डेपोत सगळ्यांसमोर त्यावरून अर्जुनरावांना बोल लावला. तेव्हापासून मुक्काम बंद.

“येड लागायचं बाकी होतं,” त्या एकदा मला म्हणाल्या. “बोलायला कुणी न्हाई म्हणून मी ढाब्यावर टरकांचे नंबर मोठ्यानं वाचायची. तिथला पोऱ्या हसायचा.”

वर्षाची पाच वर्षं झाली. १९९३ च्या उन्हाळ्यात एका मंगळवारी नेकनूरचा दूधवाला सायकलीवरून निरोप घेऊन आला. केशरबाईंना लकवा मारला होता. वाचा गेली होती, डावी बाजू गेली होती. विमलबाईंनी पिशवीत लुगडं कोंबलं आणि दाराला कडी घातली. तेवढ्यात बबनरावांची स्कूटर आली.

“वहिनी, उद्या तपासणी हाय. कचेरीतनं आताच कळालं. उद्याच्या दिवस कुटं जाऊ नका.”

“माझी आई पडलीय, भाऊजी.”

“एकच दिवस. अधिकारी येऊन गेला की मी सोता तुमाला नेकनूरला सोडतो. बत्तीस घरांचा सवाल हाय.”

त्या थांबल्या. बुधवारी सकाळी सडा टाकला, रांगोळी काढली, दोरीवर धुणी वाळत घातली, म्हणजे घर नांदतं दिसावं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कुणी आलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी कुणाची वाट न बघता रस्त्यावर येऊन गाडी पकडली. नेकनूरला पोचल्या तेव्हा आदल्या दिवशीच सगळं उरकलं होतं. शहादेव भिंतीला टेकून बसला होता. छाया तेव्हा अकरा वर्षांची. ती आईजवळ आली नाही. चुलीपाशी उभी राहून एवढंच म्हणाली, “आजी दाराकडं बघत होती. तू कावून न्हाई आलीस?”

तेराव्यानंतर विमलबाई बीडला परतल्या त्या तडक बबनरावांच्या घरी. घराची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. “ही घ्या. मला आता तिथं राहायचं न्हाई.”

बबनराव रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून संस्थेची ठरावांची वही काढली, एक पान उघडलं आणि त्यांच्यापुढं सरकवलं. विमलबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. कोपऱ्यातला मोठा प्लॉट अर्जुनरावांना देण्यात येत आहे, त्याबदल्यात ते आपलं कुटुंब तिथं कायम राहील अशी हमी देत आहेत, असं त्यात लिहिलं होतं. खाली नवऱ्याची सही होती आणि तारीख पंच्याऐंशीची, घरभरणीच्या आधीची.

“मला वाटलं तुमाला ठाव आसंल,” बबनराव म्हणाले.

अर्जुनराव पुढच्या खेपेला आले तेव्हा विमलबाईंनी विचारलं, “मला एका शब्दानं विचारावं वाटलं न्हाई?” अर्जुनराव म्हणाले, “मला वाटलं सगळेच येतील गं. मग हमीचं कुणाला काय?” ते खोटं बोलत नव्हते, हे विमलबाईंना कळत होतं. म्हणूनच भांडायलाही जागा राहिली नाही. किल्ली परत कमरेला आली.

अठ्ठ्याण्णवला अर्जुनराव बदलीच्या गावीच हृदयविकारानं गेले. दोन वर्षांनी छायाचं लग्न होऊन ती पुण्याला गेली. सभासदत्व विमलबाईंच्या नावावर झालं. त्यांनी घर विकायची संमती मागितली. संस्थेचं उत्तर आलं की मुदत वाढवून घेतली आहे, अट पुरी झाल्यावर विचार करू. पुढं माळावर सरकारी हातपंप लागला आणि माझ्यासारखे काही जण आले. २०११ साली आमची सात घरं होती. शहर आमच्याकडं सरकत होतं आणि गावं रिकामी होत होती, हे शाळेच्या पटावरच दिसायचं. दिवाळी झाली की ऊसतोडीला आईबाप निघायचे आणि वर्ग अर्धा व्हायचा.

मग २०१२ चा दुष्काळ आला. दिंद्रुडकडचा सुग्रीव दरवर्षी सहकारी कारखान्यांच्या ऊसतोडीला जायचा. त्या साली ऊसच वाळला, तोडायला काही राहिलं नाही. गावात टँकर चार दिवसांनी. बायको मालन आणि दोन मुली घेऊन तो बीडला कामाला आला आणि नऊ नंबरच्या अर्धवट भिंतींच्या आडोशाला उतरला. विमलबाई तिथं गेल्या.

“कुणाचा प्लॉट हाय, मावशी?” सुग्रीव घाबरून उभा राहिला. “उद्या सकाळी निघतो आमी.”

“निघून कुठं जाता?” विमलबाई म्हणाल्या. “वर पत्रे टाका. सापाची जागा हाय, पोरींना खाली निजवू नका.”

महिन्याभरात सुग्रीवच्या ओळखीची अकरा बिऱ्हाडं माळावरच्या तसल्याच भिंतींत आली. चुली पेटल्या, भांडणं झाली, टँकरपुढं रांगा लागल्या. सत्तावीस वर्षांनी विमलबाईंच्या ओट्यावर बायका बसल्या. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

संस्थेची नोटीस आली ती त्यांच्याच नावानं. परक्या लोकांना आसरा दिल्याबद्दल सभासदत्व रद्द का करू नये? सर्वसाधारण सभेला मी त्यांच्यासोबत गेलो. बबनराव आता थकले होते, पण खुर्ची त्यांचीच होती. विमलबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलत होत्या आणि पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं.

“तुमी मला म्हणाला, जागा नांदती पायजे. नांदती ठेवायला मी आई सोडली, पोर सोडली. आता माणसं आलीत तर ती परकी. मग नांदती म्हंजी काय, तेवढं वहीत लिहून द्या.”

बबनरावांनी वही मिटली. ठराव पुढच्या सभेवर टाकला.

पुढच्या सभेच्या आत तपासणी आली, खरीच. तरुण अधिकारी होता. प्रत्येक प्लॉटवर फिरला, चुली बघितल्या, मुलं मोजली आणि वस्ती असल्याचा अहवाल दिला. काही महिन्यांनी कागद आला: अट पुरी झाली, भूखंड सभासदांनी विकायला हरकत नाही. बबनराव पेढे घेऊन विमलबाईंकडं आले होते. विमलबाईंनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

मग सभासदांनी भराभर प्लॉट विकायला काढले. घेणाऱ्यांना रिकामी जागा हवी होती. पंधरा दिवसांत पत्रे उतरले. बिऱ्हाडं कुणी कुठं, कुणी कुठं गेली. ज्यांच्या चुलींवर अट पुरी झाली, त्यांना कुणी एक दिवस जास्त दिला नाही.

विमलबाईंना आता संमती मिळाली होती. त्या नेकनूरला जाऊन आल्या. शहादेवाचे दोन्ही मुलगे वेगळे निघाले होते. मधोमध भिंत पडून घराच्या दोन चिंचोळ्या खोल्या झाल्या होत्या. “अक्का, ये की,” तो म्हणाला, पण खाट कुठं टाकायची हे त्याला सांगता येईना. पुण्याला छायाकडं आठ दिवस राहिल्या. छायानं सगळं नीट केलं. चहा वेळेवर, औषध वेळेवर, जेवण गरम. “आठ दिवसांत ती एकदा बी माझ्यावर चिडली न्हाई,” त्या परत आल्यावर म्हणाल्या. “पाहुण्यासारखं वागवलं, गुरुजी.”

पुढच्या आठवड्यात बघतो तर सुग्रीव सायकलवर गाठोडी लादून त्यांच्या दारात. मुली शहरातल्या शाळेत रुळल्या होत्या, गावी न्यायच्या तर शाळा सुटणार. विमलबाईंनी पुढची खोली त्यांना दिली आणि स्वतः मागच्या खोलीत गेल्या. घराला गिऱ्हाईक आलं होतं. मोटारीतून उतरून, हात मागं बांधून सगळं बघून गेलं. त्यांनी त्याला परत पाठवलं.

“विकायचं नाही का आता?” मी विचारलं.

“धाकटीची धाव्वी होऊ द्या,” त्या म्हणाल्या. ती तेव्हा सहावीत होती.

आता समोर दोन मजली बंगले झालेत. त्यांच्या बोअरमुळं आमचा हातपंप उन्हाळ्यात आटतो. विमलबाई पंच्याहत्तरीला टेकल्यात. त्यांचे गुडघे गेलेत, त्या फाटकाबाहेर फारशा येत नाहीत. धाकटीची दहावी कधीच झाली, नर्सिंग झालं, ती नोकरीला लागली. मोठीचं लग्न झालं. सुग्रीव आणि मालन अजून पुढच्या खोलीत आहेत. छाया दर रविवारी फोन करते आणि कधी येतेस विचारते. विमलबाई म्हणतात, “येते, जरा थंडी कमी होऊ दे.” आणि फोन मालनच्या हातात देतात, बंद करायला.