आई, नीट बोल

"वारं गेलं? अहो आजी, गेलं तर बरंच झालं की! अडकलं असतं तर पंचाईत होती."

डॉक्टर असं म्हणाला आणि टेबलाशी उभी असलेली सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली. रांगेतले दोघे-तिघेही हसले. आई स्टुलावर बसली होती. तिनं आधी डॉक्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. लोक का हसतायत, हे तिला कळलं नव्हतं. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं.

"उजव्या अंगावरनं वारं गेलंया, डाक्टर. हात उचलंना झालाय."

आमच्याकडे, जतच्या बाजूच्या मेंढपाळांच्या वस्तीवर, अंगावरून वारं जाणं म्हणजे लकवा. अर्धं अंग लुळं पडणं. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. डॉक्टरला वाटलं, म्हातारी पोटातल्या गॅसबद्दल बोलतेय.

आणि मी काय केलं? आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आई, नीट बोल."

 त्यानंतर त्या खोलीत ती एक शब्द बोलली नाही.

मी दहा वर्षांची असताना साताऱ्याला वसतिगृहात गेले. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात 'न्हाई' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. दिवाळीला घरी आले तेव्हा माझं 'नाही' झालं होतं. आईला केवढं कौतुक. "माजी लेक बुकावानी बोलती," ती शेजारणींना सांगायची. आता मी इस्लामपूरला शाळेत मराठी शिकवते. प्रमाण मराठी. मुलांच्या वह्यांतले 'हाय' आणि 'व्हय' लाल शाईनं गोल करते.

आई चार दिवसांसाठी माझ्याकडे आली होती. त्या सकाळी आठच्या सुमारास भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीतच राहिला. "आगं, ह्यो हात माजा वाटंना," ती म्हणाली. शेजारच्यांच्या गाडीतून तिला तडक सांगलीला आणलं. सव्वानऊला आम्ही त्या मोठ्या रुग्णालयात होतो. तिथं नेलं की माणूस वाचतो, असं आम्ही ऐकून होतो.

डॉक्टरनं तिला हात उचलायला सांगितला नाही. उठून चालायला सांगितलं नाही. केसपेपरवर 'गॅसेस' लिहिलं, एक इंजेक्शन लिहिलं आणि म्हणाला, "बाहेर बसा. पुढचा."

बाहेर बाकावर कुंडलचे एक म्हातारे बसले होते. त्यांनी आतलं सगळं ऐकलं होतं. ते माझ्यावरच करवादले.

"आवं बाई, तुमी शिकल्याल्या दिसताय. वारं म्हंजी लकवा, सांगा की तेस्नी ठासून. का तुमास्नी बी ठावं न्हाई?"

मला लाज वाटली. मी आत गेले. "डॉक्टर, आईला पक्षाघात झाला असेल. आमच्याकडे वारं जाणं म्हणजे..."

त्यानं मान वर केली नाही. "मोबाइलवर वाचून आलात का? डॉक्टर तुम्ही की मी?"

सिस्टर म्हणाली, "मॅडम, रांग मोडू नका. तुमच्याएवढीच घाई सगळ्यांना असते."

मी बाहेर आले. बसले. हे मला लिहायला फार वेळ लागला, पण लिहायलाच हवं. मी ओरडले नाही. दुसऱ्या डॉक्टरला शोधायला धावले नाही. आईला उचलून दुसरीकडे नेलं नाही. डॉक्टर म्हणतोय तर तसंच असेल, असं मनाला सांगत मी तिचा गार हात चोळत बसले.

बाराला थोडा वेळ असताना आई बाकावरून एका बाजूला कलंडली. तोंड वाकडं झालं होतं. तेव्हा मात्र सगळे धावले.

तपासणी होऊन मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा दीड वाजून गेला होता. शांतपणे म्हणाले, "गुठळी विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं. जरा लवकर आणायला हवं होतं."

"आम्ही सव्वानऊपासून इथंच आहोत."

त्यांनी हातातले कागद चाळले. 

सहाव्या दिवशी सकाळी आई गेली.

खाली खिडकीपाशी कारकुनानं एक कागद पुढं सरकवला. "इथं सही करा. मग बॉडी मिळेल." मी वाचायला लागले. "सगळं वाचायची गरज नाही हो," तो म्हणाला. वाचणं हा माझा धंदा आहे. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : 'लक्षणे सुरू झाल्यानंतर नातेवाईकांनी रुग्णास विलंबाने आणले.'

चूक नसलेली, शुद्ध मराठी. ती ओळ मी दोनदा वाचली. 

"हे खोटं आहे. हे वाक्य खोडा."

"ते छापील असतं, मॅडम."

"छापील नाही. पेनानं लिहिलंय."

आईचा भाऊ, माझा मामा, गावाहून आला होता. तिकडे सगळे खोळंबले होते. तो कानाशी येऊन म्हणाला, "कर बाय सही. मातीला उशीर हुतोय. मेल्यालं मानूस काय माघारी येतंय व्हय?"

"मामा, आईला आपण उशिरा आणलं असं लिहिलंय. घरातनं निघताना तिनं पायात चप्पलसुद्धा घातली नव्हती."

मामा कागदाकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नाही. मग खाली फरशीवर मांडी घालून बसला. "ऱ्हाऊ दे मंग. लागू दे कितीबी येळ."

शेवटी तो डॉक्टर खाली आला. वयानं लहान, माझ्या विद्यार्थ्यांहून थोडाच मोठा. आता हसत नव्हता. "मॅडम, तो शब्द मला कळला नाही. इतकंच झालं."

"न कळणं हा गुन्हा नाही," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं नाहीत. हसलात."

ते वाक्य खोडलं गेलं. शेजारी आमची येण्याची वेळ लिहून घेतली. केसपेपरची प्रत घेतली, तेव्हाच मी सही केली. आईची माती चार तास उशिरा झाली. भावकीतले काही लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

नंतर रुग्णालयातून दोनदा निरोप आला, 'सामोपचारानं मिटवू.' मी तक्रार दिली आहे. कोण हसलं, कुणी न तपासता लिहिलं, कोण गप्प बसलं, हे सगळं तिच्यात आहे. गप्प बसलेल्यांत माझं नाव पहिलं आहे. तेवढं काढा, म्हणजे तुमची बाजू भक्कम होईल, असं वकील म्हणाले.

मी ते काढणार नाही. तक्रारही मागं घेणार नाही.