वाचनालयाला दोन कुलुपं

साक्रीतल्या वाचनालयाच्या दारावर १९८७ साली दोन कुलुपं लागली. कार्यकारिणीच्या निवडणुकीत अध्यक्ष अभिमन आबा आणि कापडाचे व्यापारी कन्हैयालाल शेठ यांच्यात वाद झाला. दोघंही स्वतःला निवडून आलेले म्हणवत होते. आबांनी एक कुलूप लावलं, शेठजींनी त्यावर दुसरं. प्रकरण धुळ्याला गेलं आणि तारखांवर तारखा पडू लागल्या.

प्रमिलाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आसपासच्या खेड्यांतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्या तेव्हा एक कादंबरी वाचत होत्या आणि तिचा दुसरा भाग आत अडकला होता. त्यांच्या मनात आलं, दुसऱ्या कुणाला हवा असलेला असाच एखादा भाग कुणाच्या तरी घरी पडून असेल. कुलूप लागलं तेव्हा सभासदांनी नेलेली पुस्तकं बाहेरच राहिली होती की.

त्या घरोघरी फिरल्या. ‘वाचून झालं असेल तर माझ्या ओट्यावर आणून ठेवा, तिथलं दुसरं घेऊन जा,’ एवढंच सांगत. मी कचेरीतून घरी जाताना तो ओटा बघायचो. आधी चार-दोन पुस्तकं होती, मग फळी भरली, मग खाट. आबांच्या सूनबाई आणि शेठजींची बहीण लाडकुंवर तिथे शेजारी बसून वाचायच्या.

हे कळल्यावर आबा आणि शेठजी दोघेही, वेगवेगळे, ओट्यावर आले. पुस्तकं संस्थेची आहेत, ती आमच्या ताब्यात द्या, असं दोघांचंही म्हणणं. बाईंनी दोघांना चहा दिला आणि पुस्तकं मात्र दिली नाहीत.

मग त्यांनी संस्थेची घटना मिळवून वाचली. पुरेशा सभासदांनी सह्या केल्या तर विशेष सर्वसाधारण सभा मागता येते, हे त्यात होतं. सह्या झाल्या. सभा कुठे घ्यायची? बाई म्हणाल्या, कुलुपासमोर.

बाजाराचा दिवस होता. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. डोंगराकडच्या पाड्यांवरूनही सभासद चालत आले होते. आबा आणि शेठजी एकाच बाकावर, तोंडं फिरवून बसले. बाई उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता अहिराणीत बोलल्या, “आबा, शेठजी, वाचनालय तुमनं नही, मनं बी नही. बठ्ठासनं शे.” बठ्ठासनं, म्हणजे सगळ्यांचं.

नवी कार्यकारिणी निवडायची का, असं विचारल्यावर हात वर झाले. बहुतेकांच्या हातात ओट्यावरून नेलेलं, बाजाराला येताना बदलायला आणलेलं पुस्तक होतं, त्यामुळे हातांबरोबर पुस्तकंही वर गेली. असं काही होईल हे कुणी ठरवलं नव्हतं. मोजणी करायला उभे असलेले मास्तर मोजायचं विसरून नुसते बघत राहिले.

आबांनी खिशातून किल्ली काढून बाईंच्या हातात दिली. शेठजी घरी गेले, पण किल्ली घेऊन परत आले. पुढे दोघांनीही धुळ्यातला दावा मागे घेतला.

बाई अध्यक्ष झाल्या. लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी पदावर राहू नये, हा नियम त्यांनी पहिल्याच वर्षी सभेकडून मंजूर करून घेतला. दुसरी मुदत संपली तेव्हा सगळ्यांनी आग्रह केला, नियम बदलू म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. त्यांच्या जागी लाडकुंवर निवडून आल्या. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो, तर बाई खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचत होत्या आणि त्यांच्या हातातलं पान वाचायला मिळावं म्हणून एक हमाल बाजूला थांबला होता.