फालानिकोकाकांचं रविवारचं जेवण

फालानिकोकाकांना घास गिळता येईना, तेव्हा त्यांच्या पोटावर नळी बसली. त्याआधी चाळीस वर्षं सावाई बेटावरच्या आमच्या गावात रविवारची भट्टी त्यांच्या हातची. दगड तापवायचे, वर अळूचे कंद, नीरफणस, अळूच्या पानांत बांधलेला नारळाचा घट्ट रस, आणि सगळ्यावर केळीची पानं. भट्टी झाकली की काका समुद्राकडे तोंड करून बसत आणि पेंगता पेंगता हसत. अर्धांगाच्या झटक्यात गिळणं गेलं, जीभ जड झाली. हसणं तेवढं राहिलं.

मी गावाची नर्स. स्वभावानं तिखट, असं लोक म्हणतात आणि खोटं म्हणत नाहीत. काकांची मुलगी लुसिला, तिला सगळं मीच शिकवलं. डब्यातलं दूध पिशवीत ओतायचं, पिशवी खांबाच्या खिळ्याला टांगायची, नळीवरच्या छोट्या चाकानं धार हळू ठेवायची. पाऊण तास लागला पाहिजे. आधी आणि नंतर सिरिंजनं पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. पाठीशी उशा, आणि जेवणानंतर तासभर आडवं व्हायचं नाही.

तरी काका वाळत चालले. सोमवारी जावं तर चादर धुऊन दोरीवर घातलेली आणि काका त्या चादरीइतकेच पांढरे. रविवारी दुपारी उलटी होते, लुसिला सांगे. बाकी सहा दिवस काही नाही. एका सोमवारी छातीत घरघर ऐकू आली. उलटीतलं दूध फुप्फुसात गेलं तर म्हातारा हातचा जाईल, असं मी तिला सरळ सांगितलं, आणि वर हात नीट धुतेस का म्हणून तिलाच फैलावर घेतलं. ती रडली. मला त्याची अजून लाज वाटते.

पुढच्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी त्यांच्याकडेच गेले. घराला भिंती नाहीत, त्यामुळे वारा एका बाजूनं येतो आणि कुणाला न विचारता दुसरीकडून जातो. चटईवर जेवण मांडलेलं. नातवंडं पंख्यांनी माश्या वारत बसलेली, कारण थोरल्याचं जेवण झाल्याशिवाय धाकट्यांनी हात लावायचा नाही. मीही तशीच वाढले. आठवड्यात ज्याची त्याची जेवायची वेळ वेगळी, रविवारी मात्र सगळं घर एकत्र बसतं.

पिशवीतून थेंब पडत होता. मग दुसरा. खडकांपलीकडे लाटही तशीच सावकाश फुटत होती, आणि कोणता आवाज कुठला ते मला कळेनासं झालं. डोळे मिटत आले असताना दिसलं, काकांचा बरा हात हळूच नळीकडे सरकला आणि त्यानं चाक पूर्ण सैल सोडलं.

मी झेप घेऊन ते बंद केलं. दूध भसाभस आत जाऊन रविवारची उलटी व्हायची ती अशी. "काका, जीव नकोसा झालाय का?"

काकांनी बराच वेळ शब्द जुळवले. "पोरं उपाशी बसतात," ते म्हणाले. "माझं होईपर्यंत."

"मला भूकच नाहीये, आजोबा," पाच वर्षांची सिआता म्हणाली. डोळे कंदांवर.

पोरांना आधी वाढते, असं लुसिला म्हणाली, तर काकांनी मान फिरवली. ज्याच्याआधी घर जेवून मोकळं होतं, तो थोरला कसला, पाहुणासुद्धा नाही. त्यांचं दुखणं मला तिथं समजलं, आणि माझ्याकडे त्याच्यावर औषध नव्हतं.

पण आमच्या पाद्रीबाबांची प्रार्थना दीड तास चालते. काकांचं दूध तिथंच दिलं तर चालेल का, असं मी त्यांना गाठून विचारलं. ते म्हणाले, "माझ्या प्रवचनात अर्धं गाव झोपतं. एक जण जेवला तर काय बिघडलं?"

म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी काका पांढऱ्या सदऱ्यात, शेवटच्या रांगेत, ताठ पाठीच्या खुर्चीत बसले. पिशवी खिडकीच्या खिळ्याला, वर लुसिलानं शिवलेली पांढरी खोळ. मी चाकावर बोट ठेवून शेजारी. गाणी सुरू झाली, ऊन जमिनीवरून हळूहळू सरकत काकांच्या पायांशी आलं, आणि थेंब आपल्या चालीनं पडत राहिले. कुणी मागे वळून पाहिलं नाही. सगळे गायला उभे राहिले तोवर पिशवी रिकामी झाली होती, मी सिरिंजनं पाणी सोडलं. मग प्रवचन. इतकं लांबलेलं प्रवचन मला आयुष्यात पहिल्यांदा आवडलं.

घरी लुसिलानं पानं उघडली, वाफ वर गेली. पोरांनी सवयीनं पंखे उचलले. काका आपल्या खांबाशी बसले.

"माझं झालंय," ते म्हणाले. शब्द जड होते, पण सगळ्यांना कळले. "बसा आता."

सिआतानं पंखा टाकून दोन्ही हातांनी कंद उचलला. ती तोंड भरून चावत होती, आणि तिच्याकडे पाहता पाहता काकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.