अळ्यांना लाल टॅग

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. नको असलेल्या वस्तूला लाल टॅग लावायचा आणि ती लाइनवरून हलवायची, हे इतकं अंगात भिनलंय की घरीही माझी नजर तेच शोधते. बायको म्हणते, एक दिवस मलाही लावाल.

पिंपळे सौदागरला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. गच्चीत ड्रममध्ये बायकोचा कडीपत्ता आहे. त्यावर हिरव्या अळ्या पडल्या आणि शेंडे बोडके झाले. रविवारी मी औषध आणून झाडावर मारलं. मेलेल्या अळ्या सुपलीत भरून कचऱ्यात टाकल्या आणि स्वतःवर भलताच खूश झालो.

सोमवारी चहा पिताना बुलबुलाची मादी दिसली. मनीप्लँटच्या कुंडीत तिची तीन पिल्लं होती. तिने कडीपत्त्याची फांदी न् फांदी धुंडाळली आणि रिकाम्या चोचीने परत गेली. पुन्हा आली, पुन्हा रिकामीच. मी चहा तसाच ठेवून उठलो.

खाली घरमालकीण मावशी मेथी निवडत होत्या. त्यांना सांगितलं.

"अळ्या मारल्यास व्हय? मग त्या पाखरानं पोरांना काय घालायचं, वडापाव?"

"मावशी, झाड खात होत्या हो."

"खाऊ दे की! झाडाला परत पालवी फुटंल. पिल्लू परत फुटतंय व्हय?" त्यांनी अंगणातल्या कागदी लिंबाकडे बोट केलं. त्यावर तसल्याच अळ्या होत्या. "ह्या फांद्या ने. पर औषधाच्या झाडावर ठेवू नको, न्हाईतर इख जाईल पिल्लांच्या पोटात."

काट्यांनी हात रक्ताळले. अळ्यांसकट फांद्या पाण्याच्या बाटल्यांत खोचून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्या आणि सुपरवायझरला फोन लावला.

"आज सुट्टी हवी. घरात लहान लेकरं उपाशी आहेत."

"राव, तुमची एकुलती मुलगी कॉलेजात आहे ना?"

दिवसभर मादी बाटल्यांकडे फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू गार पडलेलं होतं. ते माझ्यामुळे गेलं, दुसऱ्या कुणावर ढकलण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याला ड्रमच्या मातीत पुरताना मला माझीच लाज वाटली.

हात धुऊन आलो तर मादी लिंबाच्या फांदीवर. तिने एक जाडजूड अळी उचलली, कठड्यावर आपटली आणि घरट्याकडे गेली. लगेच दुसरीसाठी परतली. मी बायकोला हाका मारत सुटलो. तेव्हापासून शिफ्टला निघण्याआधी मावशींच्या लिंबावरून ताज्या फांद्या आणणं हे माझं काम झालं.

आठ-दहा दिवसांनी दोन्ही पिल्लं उडाली. आधी कठड्यावर धडपडली, मग समोरच्या सोसायटीच्या झाडात गेली. बाटलीत तीन अळ्या उरल्या होत्या. कडीपत्त्याला नवी, औषध न लागलेली पालवी फुटू लागली होती. मी अळ्या तळहातावर घेऊन बायकोकडे पाहिलं. झाड तिचं होतं.

"वरच्या फांदीवर सोडा," ती म्हणाली, "तिथली पानं कोवळी आहेत."